कपारीतलं शेवाळ आणि मेंढ्यांचा हौद

प्रिय मामा,

उद्या सकाळी वेरूळच्या डोंगरात तुमच्या नावाचा हौद बांधायला गवंडी येणार आहे, आणि आज मी तुमच्यावर रागावून लिहायला बसले आहे. गेलेल्या सासऱ्यावर सुनेनं रागवावं का? पण तुम्ही कामच तसं करून ठेवलंय!

झऱ्याची ती कपार मी तुमच्याच मागं चालत पाहिली. लग्नानंतरचा पहिला उन्हाळा. सगळा डोंगर करपलेला, आणि आत झिरपत्या पाण्याखाली परातीएवढं हिरवंगार शेवाळ! मी भिंग काढून तिथंच बसकण मारली. "शहरातल्या उस्मानपुऱ्यातून इथवर शेवाळ बघाया आली व्हय पोरी?" म्हणत तुम्ही पोट धरून हसलात.

ही जात नामशेष व्हायच्या वाटेवर आहे, या डोंगरात मला दुसरीकडं कुठंच सापडली नाही, पाणी तुटलं की वाळून जाईल, हे सांगितल्यावर मात्र तुमचं हसू थांबलं. "मी हाय तवर कुणी हात लावणार नाय," म्हणालात. आणि खरंच मेंढ्या त्या बाजूला नेणं सोडलंत. माझं हे वेड माहेरीसुद्धा कुणी इतकं मानलं नव्हतं.

मग दत्ताभाऊजींना काय सांगून बसलात? त्याच झऱ्याला नळी लावून मेंढ्यांसाठी हौद बांध म्हणून! मला का नाही बोललात? भाऊजींनीच मागितला असेल, आणि कुणाला नाही म्हणणं तुमच्या जिवावर यायचं, ठाऊक आहे मला. पण आता तुमचा धाकटा लेक म्हणतो, "वहिनी, अण्णांची शेवटची इच्छा हाय. उन्हाळ्यात मेंढरांचे लई हाल व्हत्यात." त्यांचं तरी काय चुकलं? ते हाल मीही पाहिलेत.

काल आम्ही दोघं वर गेलो. भांडलो, मग दमून तिथंच टेकलो. पाणी शेवाळावरून उतरून खालच्या खडकावर ठिबकत होतं. "इथनं धरलं तर?" भाऊजीच म्हणाले. हौद सावकाश भरेल, मेंढ्यांना वाट बघावी लागेल, मी म्हटलं. "बघतील की," म्हणाले, पण तोंड फिरवून. त्यांना तुमची आठवण आली असावी.

मामा, उद्या मी गवंड्याशेजारीच उभी राहीन. नळी शेवाळाच्या खालीच बसेल आणि पहिलं पाणी तुमच्या मेंढ्याच पितील, हा माझा शब्द. पण हौदावर नाव लिहायला घेतलं की मी डोंगर उतरून येईन. तुमच्या नावाआधी 'कैलासवासी' लिहिलेलं मला बघवायचं नाही.

तुमची सून,
सुनंदा