आईचा थकवा

आई,

मी चांदूर रेल्वेले ड्युटीवर निघाली. तू झोपून होतीस म्हणून उठवलं नाही. काल अकोल्याले मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगितलं, ते खोटं होतं. जठारपेठेत चामडीच्या डॉक्टरबाईंकडे गेली होती. रागावू नको.

माझ्या मानेवर पांढरा डाग दिसला तेव्हापासून तू एकच म्हणून राहिलीस, "माह्यामुळंच तुले झालं." बाईंनी नीट पाहून सांगितलं, माझा डाग एकाच बाजूचा पट्टा आहे. असा पट्टा वर्ष-दोन वर्षं पसरते अन् बहुतेक तिथंच थांबते. तुझे डाग दोन्ही हातांवर, दोन्ही गुडघ्यांवर सारखेच आहेत, तो प्रकार वेगळा. तू काही केलं म्हणून मले झालं नाही.

मग त्या तुझंच विचारत बसल्या. आई लवकर थकते का, केस गळतात का, उन्हाळ्यातही थंडी वाजते का? मी सगळ्याले हो म्हटलं अन् तिथंच रडली. तुझ्यासारख्या डागांसोबत कधी कधी थायरॉईडचं दुखणं असते, पण ते गोळीनं आटोक्यात येते म्हणाल्या. अन् आमी घरात तुले आळशी म्हणत होतो. मीही म्हटलं. माफ कर.

आठ वाजता लॅबवाली ताई रक्त घ्यायले येईल. तिले दारातून परत पाठवू नको. अकरा वर्षांत तू बाहेरच्या कोणासमोर बाही वर केली नाहीस, मले माहीत आहे. आज कर. मी तिले आधीच सांगून ठेवलं आहे, ती काहीच विचारणार नाही.

पायल