नोंदवहीतलं अर्धं पान

सर, माझी नात मानसशास्त्र घेऊन एम.ए. झाली. परवा प्रतापनगराहून पेढ्यांचा पुडा घेऊन आली आणि पुढ्यात बसून म्हणाली, आजोबा, तुमचाही हाच विषय होता ना, मग सांगा, मी आता काय करू. तिच्यापुढे दोन नोकऱ्या आहेत. एक शाळेतली, मुलांशी बोलायची. दुसरी एका कारखान्यातली, कामगारांशी बोलायची, आणि तिथं पगार बरा आहे. या कामाला आता समुपदेशन म्हणतात. आमच्या वेळी हा शब्द नव्हता, पण काम होतं, आणि ते तुम्ही धंतोलीतल्या तुमच्या ओसरीवर करत होता. मी तिला म्हणालो, विचार करून सांगतो. ती समजूतदार आहे, बरं म्हणाली. ती गेल्यापासून मी मनातल्या मनात तुमच्याशीच बोलतो आहे. म्हटलं, पुटपुटत बसण्यापेक्षा लिहून काढावं. असलं काही लिहिलेलं तुम्हाला खपायचं नाही, हे ठाऊक असूनही.

बी.ए.ला तत्त्वज्ञान घेणारे आम्ही तिघंच होतो. त्यात मानसशास्त्राचे पेपर असत, म्हणून सगळं कॉलेज आम्हाला पागलखान्याचे उमेदवार म्हणायचं. तेव्हाच्या मध्यप्रांतात शिकलेल्या मुलापुढे वाटा मोजक्याच होत्या: वकिली, मास्तरकी, नाहीतर सेक्रेटरिएटातली कारकुनी. आमच्या विषयाला तर एवढ्याही नव्हत्या. पारशिवनीला माझ्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. सुट्टीत घरी गेलो की गिऱ्हाईकासमोर ते विचारत, "लोकायचं मन वाचून पोट भरते काय गा?" गिऱ्हाईक हसायचं, मीही हसायचो, आणि आत कुठंतरी चिडून ठरवायचो की या विषयावरच काहीतरी करून दाखवीन. आमच्यातला एक पुढे वकील झाला. दुसरा फौजेत गेला, कारण लढाई सुरू होती आणि अफसर निवडायला तिथं मनाच्या परीक्षा घेत होते. उरलो मी, आणि माझी चिंता तुम्ही वाहत होता.

तुम्ही वर्गात ग्रंथातलं मराठी बोलायचात, अर्धं इंग्रजी. घराच्या ओसरीवर आलात की भाषा बदलायची. रविवारी सकाळी तिथं माणसं येऊन बसत. परीक्षेला बसायची भीती घेतलेला मुलगा, सासरी जायला नकार देणारी मुलगी, दारू सोडून पुन्हा धरलेला सुतार. तुम्ही कुणालाच समोर बसवून प्रश्न विचारत नव्हता. काकू आतून एक सूप आणून मधे ठेवत. पौषात त्यात तुरीच्या ओल्या शेंगा असत, उन्हाळ्यात चिंचा, पावसाळ्यात नुसता लसूण. आलेल्या माणसाच्या शेजारी तुम्ही मांडी घालून बसत, तोंड दोघांचंही अंगणाकडे, आणि दोघं मिळून सोलत. अर्धं सूप होईपर्यंत पीकपाण्याच्या गोष्टी होत. मग तो माणूस हातातल्या शेंगेकडे बघत आपलं आपण बोलायला लागे. तुम्ही हूं म्हणत. एवढंच. दुपारी त्याच सोल्यांची, ओल्या दाण्यांची, आमटी आम्हा विद्यार्थ्यांना मिळायची, आणि काकू म्हणायच्या की तुमच्या सरांचे रोगी आहेत म्हणून माझं सोलणं वाचते.

पहिल्याच रविवारी मी वही काढली होती. तो सुतार बोलत होता आणि मी पुस्तकात वाचल्याप्रमाणे त्याची लक्षणं टिपून घेत होतो, मोठ्या ऐटीत. तुम्ही त्याचं बोलणं न थांबवता माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतलीत आणि ओंजळभर शेंगा ठेवल्यात. तो गेल्यावर म्हणालात, "लिहू नको गा. लिहिलं का ते दुसऱ्याच्या हाती जाते." मला राग आला होता, सर. एवढी मोठमोठी पुस्तकं, एवढ्या मोठ्या माणसांची नावं, आणि तुम्ही मला लसूण सोलायला लावत होता. माझं ज्ञान कुणाला दिसणार कसं, ही माझी खरी अडचण होती.

मग एका कापडगिरणीत कामगारांची गाऱ्हाणी ऐकायला एक शिकलेला माणूस हवा होता. तशी जागा आपल्याकडे नवीनच होती. तुम्ही माझ्यासाठी इंग्रजीत शिफारसपत्र लिहिलंत आणि ते स्वतः नेऊन दिलंत. त्यात माझ्या गुणांची यादी नव्हती. या मुलाच्या कानात गेलेली गोष्ट त्याच्या पोटात राहते, अशा अर्थाचं एकच वाक्य होतं. नोकरी लागली तेव्हा काकूंनी नवं कोरं सूप दिलं, म्हणाल्या, तुह्या खोलीत ठेव, कामा पडते. गिरणीच्या ऑफिसात कोट घालून सूप घेऊन बसणार कोण? मी ते घरी नेलं. आईने त्यात वर्षानुवर्षं गहू पाखडले. ऑफिसात मी टेबल मागितलं, खुर्ची मागितली, समोर एक स्टूल ठेवलं आणि नोंदवही उघडली.

वाइंडिंग खात्यात एक बाई होती, सूत गुंडाळायच्या कामावर. पारशिवनीकडच्याच एका खेड्यातली, तिशीच्या आतली, नवरा त्याच गिरणीत दुसऱ्या पाळीला. तिच्या खात्यातल्या मुकादम बाईने तिला माझ्याकडे पाठवलं, कारण काम करता करता ही एकटीच बोलते आणि एक-दोनदा तिला चक्कर आली होती. ती स्टुलावर बसायला तयार नव्हती. मी बसवलं. समोरासमोर बसवून, पेन हातात घेऊन, मी विचारलं की तू कुणाशी बोलतेस. ती पदराचं टोक पिळायला लागली. मग म्हणाली, "माह्यं लेकरू गेलं जी, मागच्या पावसात. मशीन सुरू झाली का ते रडते. मले ऐकू येते. म्हणून त माहे पाय इकडं वळते." तिला त्याचा त्रास होता का? नाही. तिच्या सुताचा धागा तुटत होता का? नाही, उलट त्या खात्यात तिचा हात सर्वांत चलाख होता. तिने माझ्याकडे काही मागितलंही नाही. साहेबाने विचारलं म्हणून तिने सांगितलं, आणि नमस्कार करून कामावर गेली.

ती तुमच्या ओसरीवर आली असती, तर तुम्ही काय केलं असतंत ते मला तेव्हाही ठाऊक होतं. तुम्ही हूं म्हटलं असतंत. फार तर लेकराचं नाव विचारलं असतंत. मी मात्र त्या आठवड्याच्या नोंदीत तिच्या नावापुढे अर्धं पान इंग्रजी लिहिलं. तिला होणाऱ्या भासाला ग्रंथात जे लांबलचक नाव आहे ते लिहिलं आणि खाली रेघ मारली. अशा मनःस्थितीत यंत्राजवळ काम करणं धोक्याचं ठरू शकतं, असा निष्कर्षही काढला. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस कसा दिसतो, ते बघायचं असेल तर ते पान बघावं. शनिवारी नोंदवही मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर गेली. सोमवारी त्यांनी मला बोलावून शाबासकी दिली, आणि पंधरा दिवसांच्या आत त्या बाईला कामावरून काढलं. यंत्राच्या पट्ट्यात वेडी बाई अडकली तर गिरणीची बदनामी होईल, असं कारण होतं.

काढल्यावर ती खेड्याकडे गेली असती तर कदाचित मी विसरलोही असतो. पण ती रोज सकाळी भोंग्याला यायची. आत सोडत नव्हते, म्हणून वाइंडिंग खात्याच्या मागच्या भिंतीला पाठ लावून बाहेर बसायची. पाळी सुटेपर्यंत. पहारेकरी हाकलायचा, ती उठून चार पावलं पुढे जाऊन पुन्हा बसायची. माझ्या खोलीची खिडकी त्याच बाजूला होती. मी त्या खिडकीला पडदा लावून घेतला.

तिच्या गल्लीतल्या कुणीतरी तिला तुमच्या ओसरीवर आणलं, आणि तिच्या तोंडून तुम्हाला माझं कळलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही गिरणीत आलात. चपराशाने चिठ्ठी आणली. माझ्या खोलीत त्या वेळी कुणी नव्हतं, सर, आज सांगतो. तरी मी तुम्हाला बाहेरच्या बाकावर अर्धा तास बसवून ठेवलं. तुम्ही आत आलात, स्टुलावर बसलात, टेबलाकडे बघितलंत, पडद्याकडे बघितलंत. सूप कुठं आहे, असं काही विचारलं नाहीत. तुम्ही रागावाल म्हणून मी आधीच बोललो, "साहेबांनी लेखी मागितलं होतं सर. माझा नाइलाज होता."

तुमच्या चेहऱ्यावरचा राग गेला. तो जाताना मी पाहिला आणि मला हायसं वाटलं. तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "मांगतलं म्हणतं त तू का करशीन. चूक माही आहे गा. मीच तुले इथं आणून बसवलं." मग तिला परत घेता येईल का, असं विचारलंत. मी साहेबांशी बोलतो म्हणालो. बोललो नाही. तुम्ही जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवलात, आणि मी तो ठेवू दिला.

त्यानंतर मी ओसरीवर येणं कमी केलं आणि मग बंदच केलं. पण कानावर येत राहायचं. ती बाई तुमच्याकडे येत होती. काकूंनी तिला हाताशी घेतलं होतं. अंगणात आता शेंगा सोलायला एक माणूस कायमचं होतं. आणि दुसरं असं की तुम्ही शिफारसपत्रं देणं सोडलं होतं. माझ्यानंतरच्या वर्षाचा एक हुशार मुलगा, माझ्यापेक्षा कितीतरी समंजस, दुसऱ्या गिरणीतल्या तशाच जागेसाठी तुमच्याकडे पत्र मागायला आला, तेव्हा तुम्ही त्याला म्हणालात की मी आता पोरं पाठवत नाही, तिथं पोरांचं इमान टिकू देत नाहीत. तो सावनेरला मास्तर झाला आणि जन्मभर इतिहास शिकवत राहिला. त्याने मला हे हसत हसत सांगितलं होतं. मी त्याच्यासाठी चहा मागवला.

इंग्रज जायच्या आधीच्या वर्षी तुम्ही गेलात. मी तेराव्यानंतर आलो, गर्दी नसताना. ओसरीवर ती बाई बसली होती, तिने मला ओळखलं आणि पदर सावरून उठून उभी राहिली, साहेब आले म्हणून. मला वाटलं होतं ती शिव्या देईल. काकूंनी मग सांगितलं की तुम्ही तिला बजावून ठेवलं होतं, त्या पोराले बोल लावू नको वं, त्याले वरून हुकूम होता. आणि शेवटच्या दुखण्यातही तुमचं तेच चाललं होतं. काकू म्हणाल्या, "पोराले मीच फसवलं, असंच म्हणत होते रे शेवटपर्यंत. तुह्यावर त लई जीव होता त्याइचा." तेव्हा माझ्या हातात चहाचा कप होता. खरं सांगायची तीच वेळ होती. समोर काकू होत्या, ती बाई होती, दुसरं कुणी नव्हतं. मी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो आणि कप खाली ठेवून निघालो. पुढे सहा महिन्यांत मी गिरणी सोडली, सेक्रेटरिएटात कारकून झालो आणि तिथूनच पेन्शन घेतली. लोक विचारत, एवढं मानसशास्त्र शिकून फायली का हलवता. मी म्हणायचो, फायली रडत नाहीत. लोकांना तो विनोद वाटायचा.

नात रविवारी पुन्हा येणार आहे. तिला उत्तर हवं आहे. कारखान्यात जाऊ नको म्हणालो तर ती काहून म्हणून विचारणारच, आणि जा म्हणालो तर तिथंही एक नोंदवही असेल, हल्ली वेगळ्या तऱ्हेची असेल एवढंच. खरं तर वाईट ना कारखाना, ना शाळा. वाटलं, हे पत्रच तिच्या हातात द्यावं. मग वाटलं, आधी ते ज्यांच्यासाठी आहे त्यांना तरी पुरतं सांगावं, इतकी पानं होऊनही ते एक वाक्य मी अजून टाळतोच आहे.

सर, साहेबांनी काहीही मागितलं नव्हतं. वहीत नाव, खातं आणि तक्रार, एवढ्या तीनच गोष्टी लिहायच्या असत. 'चक्कर' एवढा एक शब्द लिहिला असता तरी भागलं असतं. बाकीचं अर्धं पान मी आपल्या हौसेनं लिहिलं, मी काय शिकलो ते कुणीतरी वाचावं म्हणून.