आबांची दोन चौकट
दौंड, शनिवार, १४ नोव्हेंबर १९९८

म्हातारीला जागं केलं म्हणे! मला? चाळीस वर्षं या रेल्वे कॉलनीत पत्त्यांतला ब्रिज खेळतेय मी.

माझे जोडीदार म्हणजे आमचे व्याही, आबा. आजच्या स्पर्धेत ते 'दोन चौकट' बोलले. आमच्यात त्याचा अर्थ, मला बदाम भरपूर आहेत, तुम्ही बदाम बोला. अशी आडवळणाची बोली आली की जोडीदारानं 'अलर्ट' म्हणून समोरच्यांना सावध करायचं असतं. मी केलं नाही. का नाही केलं? दौंडात सगळेच असं खेळतात, सवयच सुटली. चूक माझीच. पण समोर होते सणसवाडीच्या कारखान्यातले साहेब आन् त्यांची बायको. बाईनं विचारलं, "दोन चौकट म्हणजे काय हो?" नियमानं ज्याची बोली त्यानं अर्थ सांगायचा नसतो, जोडीदारानं सांगायचा, म्हणजे मी; तर आबाच अगत्यानं बोलले, "म्हंजी बदाम हायेत मला, ताई."

मी बदाम बोलले, डाव जिंकला. तवा साहेब उसळले. "अलर्ट नाही दिला, म्हणजे आजी बोलीचा अर्थ विसरल्याच होत्या. यांनी जागं केलं!"

मी म्हटलं, "साहेब, मी जागीच हाय. झोपले असते तर तुम्ही हरला नसता."

पंच हसले, पण निकाल उद्या सकाळी. कप त्या एकाच डावावर अडकलाय. गेला तर जाऊ दे, पण विसरले असं मी कबूल करणार नाही, कारण विसरले नव्हते. जागं केलं म्हणे!

येताना आबा म्हणाले, "विहीणबाई, उद्या मी समजावतो पंचास्नी."

तिथंच बजावलं. बोली तुमची, म्हणून तोंड बंद तुमचं. पंचांनी विचारलं की जबाब मी द्यायचा.