सख्खी

सोमवार, ३ जून

एकदाची रुजू झाले! काम सोपं आहे: आजारी मुलाला सोबत करायची, औषधं वेळेवर द्यायची, वर्तमानपत्र वाचून दाखवायचं. अनाथालयात वाढलेल्या मला स्वतःचं कपाट म्हणजे चैनच. बाईंनी बजावलं, बाईसाहेब वगैरे काही नको, आई म्हण. मुलाला दादा. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी आहेत आणि दाता मिळेना, किती वर्षं झाली तरी नंबर लागेना. माझ्याआधी कामाला होती ती मुलगी का गेली, असं विचारलं तर ती टिकली नाही म्हणाल्या. काम झेपलं नसेल बिचारीला. मी चांगली चिवट आहे.

रविवार, ९ जून

लाड तरी किती! नको म्हटलं तरी पानात वाढतच राहतात. घरच्या डॉक्टरांनी माझं रक्त तपासायला नेलं होतं. दादाला संसर्ग नको म्हणून, असं ऐकलं. रिपोर्ट आला तेव्हा आईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "जुळलं गं आपलं," म्हणत त्यांनी मला पोटाशी धरलं. मला असं कुणी कधी धरलं नव्हतं. मीही मनसोक्त रडून घेतलं.

गुरुवार, २० जून

आईंनी शेजारणीला सांगितलं, ही माझी सख्खी मुलगी, शिकायला बाहेरगावी होती. मी हरखले. मग जिन्यात डॉक्टरांचं बोलणं कानावर पडलं. परक्याची किडनी घ्यायची तर हजार आडकाठ्या, सख्ख्या बहिणीची असली की कुणी फारसं विचारत नाही.

घरात दुसरी बहीण नाही.

शुक्रवार

दादाला विचारलं, आधीची कुठे गेली. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. म्हणाला, "तिची किडनी माझ्या अंगात टिकली नाही. मग तीही नाही."

तीसुद्धा आईच म्हणायची.

शनिवार

दाराला बाहेरून कडी. फोन सापडत नाही. आग्रह करकरून वाढणारी बाई — आज पाण्याचा घोटही देत नाही. ऑपरेशनला पोट रिकामं लागतं. मला माहीत आहे. मला सगळं —

शनिवार, दुपार

सुई टोचली. जीभ जड. ओरडायला जाते तर नुसता घोगरा आवाज — वही पोटाशी खोचून नेणार. तिथली एखादी नर्स तरी वाचेल. खरं काय ते मोठ्या अक्षरांत लिहिते. जिन्यावर पावलं — आई येतायत — अजून आईच म्हणतेय मी, जळो ही सवय —

मी यांची मुलगी