मफलर थांबत नाही

तीर्थस्वरूप अक्का यांस,

तुमच्या दंतवैद्य मेहुण्याचा वाकून नमस्कार (कंबर जिथपर्यंत परवानगी देते तिथपर्यंत). आपला पाय कसा आहे? सूज उतरली का? जिना चढताना कळ येते का? प्रश्न जरा जास्त झाले असतील, पण गेले कित्येक आठवडे आमच्या घराचं सगळं सुखदुःख तुमच्या उजव्या घोट्याला बांधलेलं आहे. त्याची विचारपूस मी नाही करायची तर कुणी करायची? तुमच्या शुश्रूषेला बायको पाठवली याचा मला काडीचाही पश्चात्ताप नाही. (काडीचा आहे. पण तो मी या कंसाबाहेर पडू देणार नाही.)

इकडे वादळानं ठाण मांडलंय. खिडक्या खडखडतायत, दिवे येतात-जातात, समोरच्या बेकरीची पाटी उडून आमच्या गॅलरीत येऊन बसली आहे. दवाखान्यात चिटपाखरू नाही. एरवी दाढ ठणकली की घर डोक्यावर घेणारी माणसं अशा हवेत मुकाट सोसतात, हे मला नव्यानंच कळलं. रिकाम्या खुर्चीकडे किती वेळ बघणार? एक दिवस दुपारीच घरी आलो, तर कोचावर तुमच्या बहिणीनं अर्धवट टाकलेला मफलर दिसला, सुया तशाच अडकवलेल्या. उन्हाळ्यात आम्ही डोंगरातल्या त्या तलावावर जाणार ना, तिथे सकाळी होडीत गारठा असतो, म्हणून माझ्यासाठी विणायला घेतलेला. म्हटलं, आयुष्यभर बारीक हत्यारं चालवली, हे काय मोठं! इतकी वर्षं तिच्या शेजारी बसून बघतोय. एक सुलट, एक उलट. जमलं की हो!

आणि अक्का, खरं सांगतो, विणायला बसलं की माणूस घरात राहतच नाही. बाहेर पाऊस पत्रे बडवत असतो आणि मी आपला बसच्या खिडकीत. घाट लागतो, कान बंद होतात, मग एका वळणावर तो तलाव दिसतो, अगदी स्वच्छ निळा. पुढे काठावरची खोली, ओसरीत दोन वेताच्या खुर्च्या, उन्हात वाळणारे टॉवेल. ही होडीवाल्याशी भाव करते आणि मी तिसरीकडेच बघतो, ते आमचं ठरलेलंच आहे. होडी निघाली की पाण्याचा आवाज येतो. (तो बहुतेक गॅलरीत गळणाऱ्या पन्हळीचा असावा, पण स्वप्नात इतकी चौकशी कोण करतो?)

फक्त एक झालं. तलावाच्या विचारात टाके सैल पडतात आणि वीज कडाडली की आवळले जातात. मोठा कडकडाट झाला तर दोन-तीन सुटतातच. त्यामुळे मफलर कुठे वीतभर तर कुठे हातभर रुंद झालाय, आणि कुठली वीज जवळ पडली होती ते त्यातल्या भोकांवरून सांगता येईल. पण तेही चाललं असतं. खरी पंचाईत वेगळीच आहे. मला विणता येतं, थांबता येत नाही. शेवट करताना ती काय करायची ते मी कधी पाहिलेलंच नाही. त्या सुमारास मला डुलकी लागत असावी. सुई काढली तर सगळं उसवेल या धास्तीनं मी पुढे पुढे विणतोच आहे. मफलर कोचावरून उतरला, जेवणाच्या टेबलाखालून गेला आणि आता स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आहे. काल त्यात पाय अडकून मी शेगडीपर्यंत पोहोचेतो दूध उतू गेलं. खालच्या मजल्यावरच्या शिंप्यांना सल्ला विचारायला बोलावलं, तर ते कात्रीच घेऊन आले! म्हणाले, आमच्यात असाच संपवतात. त्यांना चहा पाजून परत पाठवलं. सगळं आयुष्य लोकांचे दात उपटण्यात गेलं, निदान हे तरी धड राहू दे.

आता जरा मनातलं. हल्ली त्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी दिसते. मी तिथे पिशवी ठेवतो, कंडक्टर विचारतो, इथं कोण आहे? मी म्हणतो, येतायत. तो घंटी मारतो आणि बस सुटते. उन्हाळा तोंडावर आलाय, अक्का. एकट्यानं तलाव बघून मी काय करू?

परवा फोन बंद पडायच्या आधी बायकोशी बोलणं झालं. तुमच्या पायाचं विचारलं तर ती म्हणाली, अजून दुखतोय बिचारीचा, आणि त्याच दमात म्हणाली, थांबा हं, सर आली म्हणून अक्का गच्चीवरचे कपडे काढायला पळालीय. मी ‘बरं’ म्हटलं आणि सुया उचलल्या. फक्त विणताना जरा जोर लागला.

बाकी क्षेम. घोट्याला माझा स्वतंत्र नमस्कार.

आपला,
दातवाला

ता. क. : टाके बंद कसे करायचे ते तिच्याकडून सहज म्हणून काढून घ्या आणि उलट टपाली कळवा. मी विणतोय हे मात्र तिला अजिबात कळता कामा नये. तिला चकित करायचंय.

ता. क. दुसरा : पायाबद्दल मी रागावलेलो नाही. तुमच्या एवढ्या मोठ्या घरात दिवस मावळला की बोलायला माणूस नसलं की कसं होतं, ते मला या वादळानं चांगलंच शिकवलंय. पाय बरा झाला की ती निघणार, मग तो बरा कशाला होईल? तेव्हा असं करा, तुम्हीही तलावावर चला. होडीत मधली जागा तुमची. होडीवाल्याला सूचना करायला कुणीतरी हवंच.

ता. क. तिसरा : तुम्ही डोळ्यांना ताण नको म्हणून पत्रं तिच्याकडूनच वाचून घेता, हे आत्ता पाकीट चिकटवताना आठवलं. झालं कल्याण! आता पुन्हा सगळं लिहायचं त्राण नाही. तर अगं ए, हसू नकोस, पुढे वाच. अक्का काय म्हणायचं ते म्हणोत, तू कधी येतेस? मला करमत नाही गं. (एवढं वाक्य मोठ्यानं वाचलं नाहीस तरी चालेल.)