आईच्या वर्षाआधीचं झाड

बाबा,

झाड बघून भडकू नका. आईला जाऊन वर्ष झालं नाही, अशा घरात नाताळचं झाड लावत नाहीत, मलाही कळतं. पण धाकट्या याराने दरवर्षीसारखा कापसावर मसूर उगवलाय, गोठ्याच्या देखाव्यातल्या बाळ येशूपुढे ठेवायला. रोज विचारते, "झाड कधी?" म्हणून घरामागच्या सरूचा शेंडा तोडून आणला.

शेजारच्या उम्म नखले म्हणाल्या, "दुःख लवकर आटोपलं रे तुमचं." मी म्हटलं, "तुमचं झाड प्लास्टिकचं, तुम्ही बोलूच नका." तक्रार येईलच.

मी गॅरेजवर चाललोय. झाडाच्या बादलीत पाणी घाला. झाड काढायचं असेल तर याराला तुम्हीच सांगा, मी सांगणार नाही.

दिव्यांची माळ मी लावली नाही. ती आईच लावायची. तुमच्या खुर्चीवर ठेवलीय.

शर्बेल