दोन हजार वाढपी

आदिलाबाद,
शुक्रवार, दुपार

आदरणीय अर्पिताताईस,

धम्मदीपचा सप्रेम जयभीम. तुझी तब्येत कशी आहे? सखूमामी म्हणाल्या की तुझी मान दुखते आणि डॉक्टरांनी वाकून काम करायला मनाई केली आहे. (हे ऐकून मला फार काळजी वाटली; का, ते पुढे येईल.) इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. आई बरी आहे, म्हैस बरी आहे, मी बरा नाही. पाकिटावर तिकीट नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल; त्याचा खुलासा शेवटी केला आहे. फोन न करण्याचं कारण एवढंच की फोनवर तू "मुद्द्यावर ये" म्हणतेस आणि मुद्दा समोर दिसला की माझा आवाज बसतो. लिहिताना निदान ऱ्हस्व-दीर्घ तपासत बसता येतं, तेवढ्यात धीर येतो.

मी नागनाथरावांच्या फोटो स्टुडिओत लागलो हे तुला माहीत आहे. (डिप्लोमा दुसऱ्या वर्षी सुटला, तो विषय इथे नको.) आमच्याकडे लग्नाचे सगळे व्हिडिओ सर्व्हर नावाच्या एका जुन्या कॉम्प्युटरात राहतात आणि एडिटिंगची तीन मशीनं वायरीवरून त्याच्याकडे फाइली मागतात. लग्नसराईत तिघांनी एकदम मागितलं की तो अडखळायचा. व्हिडिओतली नवरी हार घेऊन हात वर करायची आणि तशीच थांबून राहायची. नागनाथराव माझ्या मानेशी येऊन म्हणायचे, "काऊन रे, मशीन काऊन झोपून राह्यलं? तुही बहीण हैदराबादले हेच करते ना? पुस तिले."

म्हणून मी तुला विचारलं होतं आणि तू समजावलंही होतंस. सर्व्हरची मेमरी सारख्या मापाच्या तुकड्यांत वाटतात, त्या तुकड्याला पेज म्हणतात. फाइल पोचवणारे आतले कामकरी मागणी येण्याआधीच आपापली पेजं घेऊन तयार राहतात, दिली की पुन्हा भरून आणतात. पूर्वी ते मेमरीच्या कोठीवर जाऊन एकेक पेज मागायचे. तुमच्या लोकांनी त्यांना एकदम गठ्ठा मागायला शिकवलं. कोठीवाला असतील तेवढी देतो, कमी पडली तर कामकऱ्याने क्षणभर डुलकी घेऊन उरलेली परत मागायची. मला हे इतकं पटलं की मी रडकुंडीला आलो. तू मग असंही म्हणालीस की कामकरी किती ठेवायचे हा आकडा विचार करून लिहायचा असतो. ताई, मी विचार केला. तिथेच घात झाला.

आपल्याकडे पंगतीत वाढपी कमी पडले की काय होतं हे मी लहानपणापासून पाहिलं आहे. पाहुणे रुसतात आणि ते रुसणं पोरंबाळं मोठी होईपर्यंत टिकतं. म्हणून आपण घरात दिसेल त्याच्या हातात बादली देतो. मीही तेच केलं. आठ कामकरी होते, मी दोन हजार लिहिले. (नंतर मला पंढरीभाऊचं लग्न आठवलं. मोतीराममामांनी अख्खा मोहल्ला वाढपी केला होता आणि आपल्या रांगेला कमी पडायला नको म्हणून प्रत्येकाने ताटांची चळत काखेत धरून ठेवली होती. वाढपी तयार, पाहुणे बसलेले आणि पुढ्यात एकही ताट नाही. हे आकडा लिहिण्याआधी आठवलं असतं तर हे पत्र फक्त तुझ्या मानेविषयी झालं असतं.)

सर्व्हर बंद करून चालू केला. दोन हजार जण उठले, आपापल्या पेजांची चळत काखेत मारून उभे राहिले आणि मेमरी संपली. ज्यांना मिळाली नाहीत ते डुलकी घेतात, उठून मागतात, पुन्हा डुलकी घेतात. पंखा मात्र गिरणीसारखा ओरडतो. आता आकडा कमी करायचा तर आत शिरायला हवं आणि मला आत घ्यायलाही थोडी मेमरी लागते, तेवढीसुद्धा त्यांनी सोडलेली नाही. बंद करून चालू केला की माझ्याआधी तेच उठतात.

एवढ्याने भागलं असतं. पण त्याच सर्व्हरच्या पोटात बाजारहत्नूरच्या भगवानरावांच्या नीलिमाचं लग्न आहे. रविवारी संध्याकाळी रिसेप्शन आहे, तिथे मोठ्या पडद्यावर ते दाखवायचं ठरलं आहे. कॅमेऱ्याची कार्डं पुढच्या लग्नासाठी पुसली गेली, म्हणजे ते लग्न जगात एकाच ठिकाणी आहे. भगवानराव सकाळ-संध्याकाळ फोन करतात.

"आमच्या पोरीचं लगन कुठं ठेवलं तुमी?"

"सर्व्हरमध्ये सुखरूप आहे, काका."

"मंग काढा ना बाहेर! ते का हिरीत पडलं?"

मी हसलो. त्यांनी ते ऐकलं. नागनाथरावांनीही ऐकलं आणि शांतपणे सांगितलं की रविवारी पडद्यावर नवरी दिसली नाही, तर सोमवारी स्टुडिओत मी दिसायचं नाही.

तरी तू काळजी करू नकोस, मानेला जप, गरम पाण्याने शेक. मोतीराममामा व सखूमामींना जयभीम.

तुझा आत्तेभाऊ,
धम्मदीप

ता.क. १: नागनाथरावांना मी सांगितलं आहे की दोन हजार हा आकडा तुझा आहे. त्या क्षणी दुसरं कोणतं नाव आठवेना. त्यांचा फोन आला तर कृपया इंग्रजीत बोल, ते लगेच ठेवतात.

ता.क. २: वर "काळजी करू नकोस" असं लिहिलं, ते फक्त शेवट नीट व्हावा म्हणून. थोडी कर.

ता.क. ३: तिकिटाचा खुलासा. टपालाने हे पत्र रविवारनंतर पोचलं असतं, म्हणून मी ते रात्रीच्या गाडीने स्वतः आणलं आणि आत्ता दाराच्या फटीतून आत सरकवलं. मी बाहेर उभा आहे. सर्व्हर आईच्या गोधडीत गुंडाळून मांडीवर आणला, आता तो हातात आहे आणि जड आहे. खाली ठेवायची हिंमत होत नाही, आत नीलिमा आहे. तुला वाकावं लागणार नाही, तू सांगशील तितक्या उंचीवर मी तो धरून ठेवीन. दार उघड.